उंचवाहनमीमांसा

वाहनाची लांबी पार्किंगवाला बघतो, रुंदी समोरून येणारा बघतो. उंची मात्र कुणीच बघत नाही. ती थेट पूल बघतो. या उपेक्षित परिमाणावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ आमच्या तरी पाहण्यात नाही. ही उणीव सोलापूरनेच भरून काढायला हवी, कारण उंच वाहनाचा परमोत्कर्ष म्हणजे कडब्याची गाडी, आणि कडबा आमचा.

मालदांडी 35-1 हे ज्वारीचे वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात निवडले गेले. लोक भाकरीचे कौतुक करतात, पण दाण्याखाली उभी असलेली माणसापेक्षा उंच ताटे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. सुगी संपली की मंगळवेढ्याकडून या ताटांच्या पेंढ्या शेकड्यावर विकल्या जातात आणि ट्रकवर चढतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 93व्या नियमाने मालवाहू गाडीची उंची 3.8 मीटरवर रोखली होती, 2020मध्ये ती 4 मीटर केली. कडब्याने दोन्ही आकडे सारख्याच उदारपणे स्वीकारले. पेंढ्या आडव्या-उभ्या रचत जातात, फळ्यांच्या बाहेर हातभर लोंबतात, वरून दोर आवळला जातो, आणि त्या हलत्या गंजीच्या माथ्यावर एक पोरगा उताणा झोपतो. मागून पाहणाऱ्याला ट्रक दिसत नाही. दिसतो तो कडबा, आणि त्याच्या तळाशी दोन लाल दिवे.

आता मुख्य प्रश्न. समोर रेल्वेचा बोगदा आला, तर गाडी खालून जाईल की नाही, याचे ज्ञान कसे व्हावे? नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत आणि चारही ट्रकच्या केबिनमध्ये नित्य वापरात आहेत.

सर्वात दुबळे शब्दप्रमाण, म्हणजे पुलावरची पाटी. पाटी लावली त्या दिवशी ती खरी असते. मग रस्त्यावर डांबराचा एक थर पडतो, पुढच्या निवडणुकीआधी दुसरा पडतो. जमीन वर येते, पूल जागच्या जागी राहतो आणि पाटी जुन्याच युगातली उंची सांगत राहते. म्हणून जाणता ड्रायव्हर पाटी वाचत नाही, तुळईच्या पोटाला पडलेले ओरखडे वाचतो. हे अनुमान. ओरखडे ताजे, चकचकीत असतील तर कालच कुणीतरी अडकले. गंजलेले असतील तर एक तर लोक शहाणे झाले किंवा रस्ता खचला. उपमान त्याहून लोकप्रिय आहे: ‘पुढची गेली की, आपली का जात नाही?’ पुढची सिमेंटची असते आणि आपली कडब्याची, हा बारकावा उपमानात बसत नाही. राहिले प्रत्यक्ष. क्लीनर खाली उतरतो, मान मागे टाकून एक डोळा मिटतो आणि हात हलवतो, ‘येऊ द्या उस्ताद, येऊ द्या, येऊ द्या...’ या शास्त्रातला सर्वात मोठा दोष असा, की ‘बस्स!’ हा शब्द आवाजानंतर येतो.

येथे एक पूर्वपक्ष उपस्थित होतो. जी गाडी सकाळी गेली ती संध्याकाळी त्याच बोगद्यात कशी अडकते? सामान्य माणूस म्हणेल, वर माल भरला असेल. उलट आहे. भरल्या गाडीचे पाटे दबतात, टायर बसतात. माल उतरला की पाटे ताठ होतात आणि हौद्याचा सांगाडा काही बोटे वर येतो. तेव्हा ओझ्याखाली वाकलेली गाडी सुटते आणि मोकळी झालेली धरली जाते. यातून कोणी अध्यात्म काढू नये. चाकातली हवा सोडावी आणि गाडी हळूच मागे घ्यावी. ही युक्ती एका लहान मुलाने सांगितली अशी कथा प्रत्येक गावात आहे आणि प्रत्येक गावात तो मुलगा त्याच गावचा असतो.

रेल्वे फाटकाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तिथे अपराधाची शिक्षा 25,000 व्होल्टची असते. म्हणून रेल्वेने फाटकाच्या अलीकडे-पलीकडे 4.67 मीटरवर लोखंडी आडवी कमान रोवली आहे. विजेची तार तिच्याही बऱ्याच वर असते. या कमानीला काही पेंढ्या दक्षिणा म्हणून द्याव्या लागतात. त्या वेचायला शेळ्या वेळेवर हजर असतात.

परदेशात या विषयाची स्थिती मागासलेली आहे. आपल्याकडे टोल चाकांकडे बघून घेतात. फ्रान्सच्या मोठ्या रस्त्यांवर डोक्याकडे बघतात. दोन मीटरपर्यंत एक दर, दोन ते तीनमध्ये दुसरा. पुण्यात नोकरी करून तिकडे गेलेला आपला मुलगा आईवडिलांना फिरवायला झोपायची सोय असलेली गाडी भाड्याने घेतो, समुद्रकाठी पार्किंगपाशी पोचतो, आणि दोन मीटरची लोखंडी पट्टी त्याला बाहेरच ठेवते. वडील खाली उतरतात. फलटण-बारामतीपर्यंत कडबा पोचवलेल्या घराण्याचा माणूस. एक डोळा मिटून म्हणतात, ‘जातीय की रे. हवा सोड.’ मुलगा त्यांना हाताला धरून आत बसवतो.

अमेरिकेतल्या डरहॅम गावी 11 फूट 8 इंचांचा रेल्वेपूल होता. पाट्या, लुकलुकते दिवे, उंच गाडी दिसली की आपोआप लाल होणारा सिग्नल, सगळे करून झाले. ट्रकांची छपरे सोलली जातच राहिली. पुलाला मार लागू नये म्हणून आधी एक पोलादी तुळई लावली होती, म्हणजे मार खाण्यासाठी नेमलेला वेगळा इसम. 2019मध्ये पूल 8 इंच उचलला. तरीही सोलणे थांबले नाही, कारण शब्दप्रमाणावरचा अविश्वास सार्वत्रिक आहे. बॉस्टनमध्ये 1 सप्टेंबरला विद्यार्थी घरे बदलतात आणि त्यांचे भाड्याचे ट्रक नदीकाठच्या स्टोरो ड्राइव्हवर फक्त मोटारींसाठी बांधलेल्या पुलांखाली जाऊन अडकतात. तिथे हा सण दरवर्षी पाळला जातो.

हे सगळे एका सिद्धान्ताचे बळी आहेत: मार्ग स्थिर, वाहनाने नमावे. सोलापूरचा सिद्धान्त नेमका उलटा आहे. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. लोक त्यांना काठ्या म्हणतात. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागलेल्या कुंभारकन्येच्या विवाहाचा तो सोहळा, त्यामुळे काठ्यांना बाशिंगही असते. पांढऱ्या बाराबंदीतला एकच माणूस ती दुमजली गच्चीला डोळा भिडवणारी काठी कमरेशी पेलून चालतो, बाकीचे हात आधाराला तयार. भोगीला अडुसष्ट लिंगांची वाट, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. या काठीला कुणी उंची विचारत नाही. यात्रेआधी महापालिका आणि वीजवाले रस्त्यावर फिरतात. फांद्या छाटल्या जातात, केबलवाल्यांच्या लोंबत्या तारा हलतात, फलक उतरतात. नमतो तो रस्ता. एरवी याच केबल हलवायला अर्ज, स्मरणपत्र आणि नगरसेवक, तिन्ही लागतात, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

गणेशोत्सवात या सिद्धान्ताची लहान आवृत्ती पाहायला मिळते. मूर्तीच्या ट्रॉलीवर सर्वात वर एक पोरगा, हातात टोकाला बेचके बांधलेला बांबू. तार आली की बेचक्यात धरून वर उचलायची, मुकुट पुढे सरकू द्यायचा, मागे अलगद सोडायची. वीज चालू की बंद, हे त्याला कुणी सांगितलेले असतेच असे नाही. ढोल खाली वाजत असतो आणि तो एकटाच वर बघत असतो.

आता शेवटचा वादग्रस्त मुद्दा: या पोराची उंची वाहनाच्या उंचीत धरावी काय? नव्या विचाराचे म्हणतात, धरावी, कारण तारेला फरक कळत नाही. परंपरावाद्यांचे उत्तर अधिक शास्त्रशुद्ध आहे. भरलेल्या गाडीच्या माथ्यावर माणूस बसवायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो तिथे नाहीच. आणि जो नाहीच त्याची उंची मोजण्याचा प्रसंगच येत नाही. कडब्यावर झोपलेल्यालाही हाच न्याय लागू.