सोवळ्यातला कुकर

दंतवैद्याचं सामान चारचौघांच्या सामानासारखं नसतं. वरच्या उजव्या दाढेचा चिमटा वेगळा, डाव्या दाढेचा वेगळा. वरच्या दाढेला गालाच्या बाजूनं दोन मुळं असतात आणि चिमट्याचं टोक नेमकं त्या बेचक्यात बसावं लागतं. खालच्या दाढेला ‘काऊहॉर्न’, म्हणजे खरोखरच शिंगं असलेलं प्रकरण. दात उचकटायचे एलिव्हेटर जोडीनं न्यायचे. डावा घरी राहिला तर उजव्याचा उपयोग कागदावर वजन म्हणून. हे सगळं आमच्या पापनाशमच्या घरात झोपाळ्यावर मांडून ठेवलेलं दिसलं, त्या दिवशी दूधवाल्यानं दूध उंबऱ्याबाहेरच ठेवलं आणि पैसेही मागितले नाहीत.

दवाखाना माझा कुंभकोणमला, घर इथं, आणि दात काढायला निघाले होते युगांडाला. तिथल्या खेड्यांतून मोफत शिबिरं घेणारा एक गट आहे, त्यांना एक दंतवैद्य कमी पडत होता. विषुववृत्त युगांडातूनच जातं, हे ऐकून नवरा म्हणाला, “पापनाशमच्या मे महिन्यापेक्षा तिथं गारच असेल.” चेष्टेत बोलला, पण खरं बोलला. त्या देशाचा बराच भाग हजार मीटरहून उंच आहे. माझ्या यादीत स्वेटर चढला, तेव्हा गल्लीत माझ्याबद्दलची शंका पक्की झाली.

तयारीची सुरुवात गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये पिवळ्या तापाची लस टोचून झाली. टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. पूर्वी तो दहा वर्षं चाले, २०१६पासून जन्मभर चालतो. ते पिवळं पुस्तक आत्यानं देव्हाऱ्यात ठेवलं. जन्मभर टिकणारा सरकारी कागद तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

दात भरायचं सिमेंट मी मागवलं, ते गेलं तिरुनेलवेलीच्या पापनाशमला. तामिळनाडूत पापनाशमं दोन आहेत आणि कमल हासनच्या २०१५च्या ‘पापनाशम’ सिनेमानं आमची उरलीसुरली ओळखही तिकडच्या गावाला देऊन टाकली. आमच्याकडे रामानं खर-दूषणांच्या हत्येचं पाप फेडायला स्थापलेली एकशे आठ शिवलिंगं आहेत म्हणतात. कुरियरवाल्याला मी फोनवर हे सांगून पाहिलं. तो म्हणाला, “मॅडम, पिनकोड सांगा.”

हे सिमेंट म्हणजे ग्लास आयोनोमर. हातानं कीड खरवडायची आणि हे भरायचं; ड्रिल नको, वीज नको. ही पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात रुजली. म्हणजे आफ्रिकेतच तयार झालेली विद्या मी आफ्रिकेला न्यायला निघाले होते, तीही तिरुनेलवेलीमार्गे.

उरला प्रश्न निर्जंतुकीकरणाचा. ऑटोक्लेव्ह म्हणजे करायचं काय, तर चौरस इंचाला पंधरा पौंड दाब, १२१ अंश वाफ, पंधरा-वीस मिनिटं. घरचा प्रेशर कुकर रोज जवळपास हेच करतो, फक्त आत तूरडाळ असते. वीज नसलेल्या गावांत दातांचे डॉक्टर सर्रास कुकर वापरतात. मी फळीवरचा लग्नाकार्याचा मोठा कुकर खाली काढला आणि आत्या माजघरातून बाहेर आली.

आमची आत्या म्हणजे दांडीवरचं सोवळं अजून काठीनं काढणारी बाई. मला वाटलं, आता कडाक्याचं भांडण. ती पाटावर बसली आणि उलटतपासणी सुरू झाली.

“उकडलेलं हत्यार बाहेर कशानं काढणार?”

“चिमट्यानं.”

“तो चिमटा?”

“तोही उकडलेला.”

“आणि झाकण कोण उघडणार?”

मी गप्प.

“झाकण उघडणारा ओवळा. त्यानं आत हात घालायचा नाही. दुसरं माणूस हवं. आणि काढलेलं ओलं ठेवायचं नाही, ओल्याला लगेच विटाळ.”

ओल्या पुडक्यातून जंतू आत शिरतात, हे आम्हाला कॉलेजात वर्षभर सांगूनही अर्ध्या वर्गाला कळलं नव्हतं. तिच्या शास्त्रातला माणसामाणसांतला विटाळ मला कधीच पटलेला नाही आणि यावरून आमची जुनी भांडणं आहेत. पण हत्यारांच्या बाबतीत बाई बिनचूक. मग तिनं माझ्या दोन मदतनिसांना व्हिडिओ कॉलवर घेऊन तालीम दिली. एकानं मध्येच नाक खाजवलं. “हात धू. पहिल्यापासून,” आत्या म्हणाली. कुकरचा निकालही तिनंच लावला: रक्ताची हत्यारं उकडलेला कुकर या घरात परत येणार नाही, तिकडेच दान करून ये.

कुकर रिकामा कशाला न्यायचा म्हणून ती त्यात खाऊ भरू लागली. परुप्पु पोडी, मेतकूट, सांडगी मिरची, कॉफीची पूड. मी सांगितलं, तिथं हिरवी केळी केळीच्याच पानात गुंडाळून वाफवतात, मतोके म्हणतात. कावेरीकाठच्या माणसाला आणखी काय हवं? रस्त्यावर चपातीही मिळते, हे सांगितलं. तिच्यात अंडं गुंडाळतात, हे सांगितलं नाही.

“सर्फोजी महाराज काशीला गेले तेव्हा तीन हजार माणसं बरोबर होती,” आत्या म्हणाली. “तुला चार डबे जड होतात?”

तंजावरच्या मराठी घरात सर्फोजींचं नाव आलं की वाद संपतो. १८२०च्या सुमाराची ती यात्रा. हा राजा शस्त्रक्रियेची पेटी घेऊनच प्रवास करी आणि वाटेत लोकांचे मोतीबिंदू काढी, असं सांगतात. त्याच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. फरक एवढाच, की महाराजांना विमानात तेवीस किलोंची अट नव्हती. कस्टमला द्यायची यादीही नव्हती. प्रत्येक औषधाचं नाव, बॅच, मुदत: लिग्नोकेन, ॲड्रिनलिनसह, एकास ऐंशी हजार. सिमेंटची पूड, मुदत अमुक. शेजारी आत्याचा स्टीलचा डबा, तीही पूडच, तसल्याच फिकट रंगाची. त्यावर कागद चिकटवून मुदत लिहायला मी तिला सांगितलं. तिनं लिहिलं, ‘संपेपर्यंत’.

वजन करायला बॅग भाताच्या व्यापाऱ्याकडे नेली. तिथला काटा पोत्यांचा, त्यामुळे प्रामाणिक. गुमास्ता गालावर हात धरूनच बसला होता. काटा बघायच्या आधी त्यानं तोंड उघडून दाखवलं. विड्याच्या लालीत खालची दाढ काळीठिक्कर.

“उद्या कुंभकोणमला या,” मी म्हटलं.

“फी किती?”

मी सांगितली.

“आफ्रिकेत फुकट ना, डॉक्टरम्मा?”

पोत्यांवर बसलेले दोन हमाल सावरून बसले. मी दोन-तीन उत्तरं मनात जुळवून पाहिली; जुळेना. “उद्या सकाळी या, फी नको,” म्हणाले. एका हमालानं लगेच आपलंही तोंड उघडलं. मग त्याच्या मेहुण्याला निरोप गेला. पापनाशमचं शिबिर असं त्याच काट्याशी ठरलं, आणि त्यासाठी बॅगेतून काऊहॉर्न परत बाहेर काढावा लागणार होता.

“पंचवीस किलो सहाशे,” गुमास्ता गाल सांभाळत म्हणाला.

आत्या रिक्षातून उतरली. तिनं बॅग उघडली, डब्यांवरून हात फिरवला, सगळे जागच्या जागी आहेत याची खात्री केली, आणि माझा स्वेटर, बूट न्‌ तीन कुर्ते काढून माझ्या हातात दिले.