लागी तितलं

नंदुरबारात नवखा माणूस ओळखायला त्याचं नाव-गाव विचारावं लागत नाही. मिरचीचा हंगाम सुरू झाला, शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ओल्या मिरचीचे लाल गालिचे पसरले, की वाऱ्याबरोबर खाट येते. त्या खाटेनं जो खोकतो तो पाहुणा. आणि न खोकता, पदर नाकाला न लावता जी म्हणते, "यंदा मिरचीला रंग नाही," ती आक्का.

आक्का हे कुणा एका बाईचं नाव नव्हे. नंदुरबार, शहादा, तळोदा इथल्या कुठल्याही गल्लीत शिरा, तिसऱ्या-चौथ्या घरात एक आक्का असतेच. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र शाबूत. घरात गॅस आहे, मिक्सर आहे, मुलानं आणून दिलेला ओव्हनही आहे (त्यात सध्या औषधं असतात). तिच्या सासूनं तिला आणि सासूच्या सासूनं सासूला जे शिकवलं, ते सगळं तिला येतं. फक्त सांगता येत नाही. मीठ किती? "लागी तितलं." तिखट? "लागी तितलं." पाणी? इथं आक्का जरा सविस्तर बोलतात. म्हणतात, "पाणी पिठाला विचारायचं."

अहिराणीतलं हे 'लागेल तितकं' प्रत्येक नव्या सुनेच्या डोळ्यांत पहिल्या आठवड्यात पाणी आणतं. सून बिचारी वही-पेन घेऊन ओट्याशी उभी. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७० साली वाट्या-चमच्यांची मापं दिली आणि मराठी सुनांच्या दोन पिढ्यांचे संसार सुरळीत लावले. 'रुचिरा' आक्कांच्या घरातही आहे, लग्नात आहेर म्हणून आलेली. स्वयंपाकाच्या पुस्तकाला हळदीचे डाग पडतात म्हणे. या प्रतीला एकही नाही. आक्कांची मापं वेगळी: चिमूट, ओंजळ, बोटाचं पेर, आणि सगळ्यात अचूक म्हणजे 'नजर'. कांदा कितपत भाजायचा? "तांबडा झाल्यावर, काळा व्हायच्या आत." या दोन मुक्कामांच्या मधे सुनेचे तीन कांदे जळतात.

जिल्ह्यात भाषा बदलते तरी उत्तर बदलत नाही. शहाद्याकडे ते गुजरीत मिळतं, धडगावच्या डोंगरात पावरीत, नवापूरकडे मावचीत. सातपुड्यात कैऱ्या चिरून आमचूर वाळवणारी बाई 'झालं का?' या प्रश्नावर फोड मोडून आवाज ऐकवते. यापलीकडे काय सांगायचं?

काळ्या मसाल्याच्या वेळी मात्र आक्का गुप्तहेर खात्यात जातात. उन्हाळ्यात मिरच्यांचे देठ खुडून झाले, खोबरं, धणे, दगडफूल भाजून झालं, की डबा घेऊन स्वतः कांडपाच्या गिरणीत हजर. आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला यंत्रात राहिला असेल, म्हणून आपली पहिली वाटीभर पूड बाजूला काढायची, ती 'त्यांची'. शेजारणीनं कृती विचारली तर आक्का मनापासून सगळं सांगतात, एक जिन्नस वगळून. खोटं बोलत नाहीत. आठवतच नाही त्यांना. गेली चाळीस वर्षं नेमका तोच एक जिन्नस आठवत नाही.

डुबुकवड्यांची परीक्षा तर त्या ओसरीवर बसून घेतात. उकळत्या रश्शात बेसनाचं पीठ बोटांनी सोडताना 'डुबुक' असा आवाज आला पाहिजे; पदार्थाचं नावच त्यावरून पडलं. आत सून पीठ सोडते, बाहेरून निकाल येतो: "पातळ झालं." न पाहता. आणि वैताग म्हणजे ते खरंच पातळ झालेलं असतं.

घरातली खरी भांडणं होतात ती कळण्यावरून. ज्वारीत उडीद घालून एकत्र दळायचं, मिठासकट, की झाला कळणा. पण उडीद चारास एक की तिनास एक? माहेरचं प्रमाण एक, सासरचं दुसरं. सून तोंड उघडायच्या आत निकाल लागतो: "आमना घर अशी नही करतस." १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा निघाला, तेव्हा आक्कांना त्यातला एकच फायदा कळला. धुळ्याकडची सून आता परजिल्ह्यातली ठरली, आणि तिचा कळणाही.

सुरतेकडची सून असली तर प्रश्न आणखी नाजूक. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. या घरातल्या वरणाचं तसंच होतं. डाळ नवापूरचीच, भौगोलिक मानांकन मिळालेली तूर, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो सुनेनं हळूच सोडलेल्या गुळाच्या खड्याचा. आक्का एक घास घेतात, काही बोलत नाहीत, ठेच्याची वाटी पुढे ओढतात. रात्री नातवाला सांगतात, "वरण बरं होतं आज." नातू ही बातमी अर्थातच आईला पोचवतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आक्कांचा खरा दरबार भरतो. लेकी माहेरी आलेल्या, झाडाला झोका बांधलेला, आमरस तयार, आणि चुलीवर पालथं मातीचं खापर. पुरण भरलेला कणकेचा गोळा लाटायचा नाही. दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि एका झटक्यात खापरावर टाकायचा. बघणाऱ्याचा श्वास अडकतो; आक्का दरम्यान शेजारच्या लग्नाची चौकशी करत असतात. मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हे जमावं म्हणून खापर एसटीनं पुण्याला गेल्याचं उदाहरण आहे. खापर मांडीवर होतं, नातू बॅगेवर. गॅसवर ते तडकलं. दोष पुण्याच्या हवेला देण्यात आला.

आखाजीच्याच दिवशी पितरांसाठी घागर भरतात, विस्तवावर आगारी टाकतात. त्या नैवेद्यात काडीचा बदल चालत नाही. सुनेनं एकदा विचारलं, पुरणात वेलदोडा घातला तर? आक्का म्हणाल्या, "आबांना आवडायचा नाही." आबा जाऊन तीस वर्षं झाली; आवडनिवड चालू आहे.

पण 'लागी तितलं' म्हणजे निव्वळ चुकवाचुकवी, असं वाटणाऱ्यानं श्रावणात कानबाईला यावं. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते, सोमवारी नदीवर जाते. तिच्या रोटांचं माप कुठल्याही पुस्तकात छापता येणार नाही, कारण ते प्रत्येक घराचं निराळं असतं: घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी धान्य. पाळण्यातलं पोरही धरायचं. (बायकांच्या नावाची मूठ नाही. निवडायचं, दळायचं, थापायचं मात्र त्यांनीच. हा हिशेब कानबाईनं केला की कुणा आबांनी, ते शोधण्यासारखं आहे.) एरवी मापाला हसणाऱ्या आक्का त्या दिवशी हिशेबनीस होतात. नावं घेत घेत मूठ भरतात, आणि वरचा सव्वा म्हणजे बोटांत येईल तितकं. सुनेनं एकदा त्यांच्या मुठीखाली हळूच वजनकाटा सरकवला. आक्कांनी तीन मुठी टाकल्या, काट्यावरचे आकडे वाचायला चष्मा नाही म्हणाल्या, आणि काटा उचलून फडताळात ठेवला. सून तेव्हापासून मूठच वापरते. तिची मूठ लहान आहे, म्हणून ती थोडी उघडी ठेवते.

रोटांची दुसरी अट अशी की ते घरच्यांनीच, फार तर भाऊबंदांनी खायचे, बाहेर द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. पूर्वी पंगत बसली की दोन दिवसांत फडशा पडे. आता एक मुलगा पुण्यात, एक सुरतेला, नातू त्याहून लांब. मुठी मात्र सगळ्यांच्या पडतात. लांब गेला म्हणून कुणाचं नाव गाळत नाहीत. सगळ्या घराचे रोट, आणि जागेवर खाणारी माणसं दोन. मग सकाळी दुधात रोट, दुपारी तुपात रोट, आणि रात्री आक्का पौर्णिमा कितीवर आली ते पंचांगात बघतात.

तेव्हा श्रावणात त्या आठवड्यात नंदुरबारला कुणाकडे गेलात, तर रोटांची आशा धरू नका. आक्का आग्रहानं चहा देतील. आणि त्यात साखर किती घालू, हे मात्र नक्की विचारतील.