व्हाया नागोठणे

इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध, असं विष्णुशास्त्री चिपळूणकर म्हणाले ते पुण्यात. पेण-रोह्याकडे ही वाघीण आली ती सरकारी कामाने, आणि तिचा दूध द्यायचा विचार दिसत नव्हता. १८१८मध्ये पेशवाई बुडाली, १८४०मध्ये आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा झालं, १८६९मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि अलिबागेस कलेक्टर बसला. त्याच्या मागोमाग त्याची भाषाही खाडी ओलांडून गावागावांत शिरली. शाळेत बसून ती शिकणारे थोडे. बाकीच्यांना ती कचेरीच्या ओसरीवर, टोपी हातात धरून शिकावी लागली.

त्या इंग्रजीचे पहिले धडे साधेच होते. सर्व्हे नंबर, स्टांप, कोर्ट, नोटीस, समन्स, बेलिफ, डिक्री, अपील. खारेपाटात मिठागरं असल्यामुळे पेणकरांच्या अभ्यासक्रमात सॉल्ट इन्स्पेक्टर हा एक जादा विषय. ज्यांना सही येत नव्हती, अंगठा उठवायचे, त्यांनाही डिक्री कुठे संपते आणि अपील कुठे सुरू होतं हे पक्कं ठाऊक असे. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांचं इंग्रजी मॅट्रिक झालेल्या मुलापेक्षा सरस असायचं, कारण मुलाला नापास झाल्यावर पुढच्या वर्षी बसता येई. यांची जमीन जायची.

घरपोच इंग्रजी यायचं ते तारेतून. कोकण मनीऑर्डरीवर जगतं असं म्हणतात. मनीऑर्डर आली की घर हसायचं, तार आली की रडायचं. तारेत काय आहे हे कळायच्या आधीच माजघरात सूर लागे. मग कोणीतरी धावत जाऊन मास्तरांना आणी. मास्तर चष्मा पुसत, तार उलटसुलट करत, मनातल्या मनात भाषांतर करत आणि मग जाहीर करत, की मुंबईचा मुलगा शनिवारी येतोय, एवढंच आहे. रडणं थांबायला तरी थोडा वेळ लागायचाच, लागलेला सूर एकदम कसा आवरणार! ही तारही २०१३च्या जुलैत बंद झाली, आणि गावातला मास्तरांचा एक मान गेला.

सरकारच्या इंग्रजीशी कसं वागायचं, याची दोन टोकं याच भागाने दाखवली, तीही चार महिन्यांच्या अंतराने. पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मले. १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले, घराणं रोह्याचं. देशमुख १९१२मध्ये मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले, १९१८मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले आणि १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवर चित्र सहाव्या जॉर्जचं आणि सही रोह्याच्या देशमुखांची, असा तो काळ. राजाच्या शब्दावर रोह्याच्या माणसाची सही लागते, हे पाहून आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना काय वाटलं असेल! शब्द मोडला तर जामीन कोण, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. इथे जामीन घरचाच निघाला.

भावे मात्र १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीच्या गाडीत चढले. परीक्षा मुंबईत राहिली, विद्यार्थी काशीत पोचला, आणि पुढे त्याचे विनोबा झाले. नंतर भूदानासाठी तर त्यांनी वाहनच सोडलं आणि तेरा वर्षं देश पायी तुडवला. एकाने इंग्रजीची गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत नेली, दुसरा मधेच उतरला. गंमत म्हणजे पुढे देशमुखांनी गांधींची वचनं संस्कृत श्लोकांत बांधली, आणि विनोबांना इंग्रजीसकट इतक्या भाषा आल्या की गाडी सोडल्याचं काही नुकसान दिसलं नाही. आम्ही बाकीचे या दोघांच्या मधले. आम्हाला केंब्रिज झेपलं नाही आणि काशीही झेपली नाही. आमचं इंग्रजी शिकणं उभ्याने झालं, दांडीला धरून.

ती दांडी एसटीची. त्याआधी बोट होती. भाऊच्या धक्क्यावरून धरमतरला यायचं आणि तिथून पुढे गाडीने पेण. पण बोटीवर इंग्रजीला फारसा वाव नव्हता. सारंग, तांडेल, नाखवा, सुकाणू, शीड, नांगर. समुद्राने आपले शब्द आधीच ठरवून ठेवले होते आणि इंग्रज तिथे तिकिटाच्या खिडकीपलीकडे शिरला नाही. रस्त्याचं तसं नव्हतं. मोटार त्याची, म्हणून शब्दही त्याचेच. आधी खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ आल्या. त्यांची सर्व्हिस म्हणजे गाडी भरेपर्यंत प्रवाशांनी आत बसून राहणं. मग १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी सुटली. म्हणजे पाहा, इंग्रज जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्याच्या भाषेची खरी शिकवणी तेव्हा सुरू झाली.

या शाळेत मास्तर एकच, कंडक्टर. खाकी कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पत्र्याची पेटी. पेटीत रंगीत तिकिटांच्या गड्ड्या ओळीने लावलेल्या, आणि बोटांत पंच, तो तिकीट नसतानाही टिकटिक वाजत राहायचा. ‘एक फुल, दोन हाफ, रोहा’ असं म्हटलं की दोन-तीन रंगांची तिकिटं फाडून, भोकं पाडून हातात येत. सुट्टे नसले तर तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून मिळे. ती उतरताना वसूल करणं हा तोंडी परीक्षेचा भाग. डोक्यावरून पुढपर्यंत गेलेली दोरी. एकदा ओढली की सिंगल बेल, गाडी थांबणार. दोनदा ओढली की डबल बेल, गाडी सुटणार. चौथीतल्या पोरापासून वडखळला मच्छीची पाटी घेऊन चढणाऱ्या बाईपर्यंत या व्याकरणात कोणाची चूक होत नसे. ‘कंडक्टर, डबल मारा की,’ हे वाक्य व्याकरणाच्या कुठल्या इयत्तेत बसतं ते सांगता येणार नाही, पण गाडी त्यावर सुटायची.

डेपो, कंट्रोलर, वेबिल, पास, रिझर्व्हेशन, ब्रेकडाऊन, पंक्चर हे पुढचे धडे. आणि स्टेपनी. जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो ते वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तिथल्या कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं चाक बाजारात आणलं. आज लंडनच्या रस्त्यावर कोणाकडे स्टेपनी मागितली तर तो बहुधा तुम्हाला त्या नावाच्या मोहल्ल्याचा रस्ता दाखवील. पेणच्या स्टँडाबाहेर मागा, चाकच मिळेल.

मजा अशी की एसटीच्या भिंतींवर मात्र अस्सल मराठी. महाराष्ट्र झाल्यावर १९६४चा राजभाषा अधिनियम आला, कंडक्टरचा वाहक झाला, ड्रायव्हरचा चालक, डेपोचा आगार, आणि कंट्रोलरचा वाहतूक नियंत्रक. मागच्या दरवाजावर ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. रस्त्याकडेला ‘विनंती थांबा’. हे मराठी मला मनापासून आवडतं. विनंती केल्यावर थांबणारी दुसरी सरकारी वस्तू मला तरी ठाऊक नाही. पण भिंतीवर वाहक वाचत वाचत आम्ही हाक मारली ती कंडक्टरलाच. डोळ्यांनी मराठी आणि तोंडाने इंग्रजी, अशी ही दुहेरी शिकवणी एकाच तिकिटात व्हायची, आणि दोन्ही भाषांनी एकमेकींना कधी सीटवरून उठवलं नाही.

आता गाडीवरच्या पाटीबद्दल. पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाडीच्या कपाळावर ‘व्हाया नागोठणे’ असायचं. हा शब्द मुळात लॅटिन. रोमन लोकांचा रस्ता. रोमहून इंग्लंड, इंग्लंडहून मुंबई, मुंबईहून वडखळ नाका आणि पुढे नागोठणं असा त्याचा प्रवास. भिसे खिंडीतल्या वळणांवर गाडी कण्हत चढत असताना आपण ज्युलियस सीझरची भाषा बोलतोय हे कुणाच्या गावीही नव्हतं. मग हा शब्द गाडीतून उतरून घरात आला. लग्नाचं स्थळ व्हाया मावशी येऊ लागलं, निरोप व्हाया व्हाया पोचू लागले. सरकारी नोटिशीतला एकही शब्द असा माजघरात येऊन बसला नाही. माझं तर मत झालंय की ज्या भाषेची भीती वाटते तिचे शब्द कागदापुरते राहतात, आणि ज्या भाषेत खिडकीजवळची जागा मिळते तिचे शब्द घरी येतात. समन्स अजून परका आहे. स्टँड आमचा आहे.

रेल्वे आली ती फार उशिरा. आपट्यापर्यंत आलेला रूळ रोह्याला पोचायला १९८६ उजाडलं. तोवर इंग्रजी शिकून झालं होतं, त्यामुळे रेल्वेला नवं काही शिकवायला उरलं नाही, अपवाद ‘क्रॉसिंग’चा. एकेरी मार्गावर कासू किंवा निडीला गाडी उभी राहिली की डब्यातला कोणीही जाणता माणूस, बाहेर न बघता, ‘क्रॉसिंग आहे’ म्हणायचा आणि सगळे डबे उघडून भाकरी खायला बसायचे. पुढे कोकण रेल्वे झाली, तिचा रूळ रोह्यापासूनच मोजायला सुरुवात होते.

आता पेणला आणि रोह्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, त्यांच्या पिवळ्या बसेस आहेत. मुलं त्यांत बसून जातात, दारातून दारात. मुलाला त्या शाळेत जरूर घाला. पण अधूनमधून एसटीतही बसवा, खिडकीजवळ, आणि रोह्याचं तिकीट त्यालाच काढायला सांगा. खर्च फार नाही. पाच ते बारा वयाला हाफ तिकीट, आणि मार्च २०२३पासून त्याच्या आईलाही हाफच.