फाशी गास्केटला

मे २०२४ संपता संपता नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सियस दाखवले आणि देशभर बोंब झाली. मग हवामान खात्याने उपकरण तपासलं, सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं, शहराचा २३ मे २०१३ चा ४७.९ अंशांचा विक्रम अबाधित राहिला आणि चंद्रपूरकरांचा जीव भांड्यात पडला. मात्र या खुलाशाने जुन्या गाड्यांच्या मालकांच्या एका आवडत्या वाक्यावर नकळत सरकारी शिक्का बसला. गाडीतला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात शिरला की मालक म्हणतो, ‘‘काही नाही होत, काटाच खराब आहे.’’ खात्याने हे वाक्य उपकरण तपासल्यावर उच्चारलं. मालक ते सिग्नल सुटायची वाट बघत, स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून उच्चारतो. पुढे यथावकाश सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, रेडिएटरचं पाणी कुठेही न सांडता नाहीसं होऊ लागतं, गाडी मिस्त्रीकडे जाते आणि निकाल लागतो: हेड गास्केट गेलं. नवं आणलं जातं, जुनं भंगारात फेकलं जातं, खटला संपतो. माझं म्हणणं इतकंच की या खटल्यात चुकीच्या आरोपीला फाशी होते. गास्केट मेलं हे खरं, पण मेलेल्याला आरोपी करायची रीत फक्त गॅरेजातच चालते. खरे आरोपी दोन. एक इंजिनाला चढलेला ताप, आणि दुसरी दहा जणांची ती टोळी, जी ‘अजून चांगले तर हायेत’ या एका वाक्यावर दर वेळी निर्दोष सुटते. म्हणजे हेडचे दहा बोल्ट.

हा खटला मी जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनावर चालवणार आहे, तेव्हा आधी एक शंका मिटवतो. नागपुरात जुनी स्पोर्ट्स कार असते कुठे? संख्येने कमीच, हे कबूल. पण आपल्या मुलखाचा या जातीशी संबंध नाही असं मात्र नाही. १९९० च्या दशकाअखेरीस सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची गाडी काढली. ती गोव्यात जुळली आणि तिच्या पोटात फ्रान्सच्या रेनोचं १,१४९ सीसीचं, सुमारे ६० अश्वशक्तीचं इंजिन होतं. त्या मापाचं इंजिन तिकडे ट्विंगो आणि क्लिओसारख्या बाजारहाटाच्या गाड्यांत बसे. म्हणजे देह गोव्याचा, हृदय फ्रेंच, आणि चालवणाऱ्याची छाती वाघाची. दुसरं नातं तर आणखी जवळचं आहे. १९५५ साली आलेल्या एमजीए या देखण्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये बीएमसीचं १,४८९ सीसीचं इंजिन होतं. त्याच घराण्याचं, त्याच १,४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसिडरला लागलं आणि वर्षानुवर्षं साहेबांना, फायलींना आणि साहेबांच्या मेव्हण्यांना दौऱ्यावर नेत राहिलं. तेव्हा सिव्हिल लाइन्समध्ये कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या प्रत्येक पांढऱ्या अँबॅसिडरमध्ये एक स्पोर्ट्स कार सरकारी नोकरीत गुदमरत होती, असं म्हणायला हरकत नाही. ही जोडी आपल्या खटल्यात पुढे साक्षीला येणार आहे.

गास्केट करतं काय ते बघू. खाली ब्लॉक, वर हेड, आणि मध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा हा पत्रा. त्याने एकाच वेळी तीन शेजाऱ्यांना आपापल्या अंगणात ठेवायचं असतं: जळणारा वायू, पाणी आणि तेल. स्टॉर्मच्या सिलिंडरचा व्यास ६९ मिलिमीटर. स्फोटाचा दाब पन्नासेक बार धरला तर दर स्फोटाला हेडला वर उचलायला जवळजवळ दोन टनांचा जोर लागतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर हा तडाखा एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा बसतो. एवढं सोसून तो पत्रा वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि कुणी त्याचं नावही काढत नाही. नाव निघतं ते फक्त गेल्यावर. गेल्याची खूण ओळखणं नागपूरकराला तरी जड जाऊ नये. सावजी रश्श्यावर तर्री तरंगते, कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे इथल्या पोराला शाळेत जाण्याआधी ठाऊक असतं. रेडिएटरचं झाकण, इंजिन गार झाल्यावरच, उघडलं आणि पाण्यावर तर्री दिसली की समजावं, पडदा फाटला. ऑइल भरायच्या झाकणाखाली मात्र उलटा प्रकार दिसतो. तिथे इंजिन तेलपाणी इतकं घुसळतं की दूध जास्त झालेल्या चहासारखा चिकट साका जमतो. थंडीत थोडं थोडं अंतर चालवलेल्या गाडीत नुसत्या दवामुळेही तो जमतो, म्हणून एवढ्या एका पुराव्यावर हेड खोलायला लावणाऱ्या मिस्त्रीपासून जरा सावध राहावं.

आता पहिला आरोपी, ताप. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असेल, जसं स्टॉर्मच्या इंजिनात आहे, तर दोघांची कुंडली जुळलेलीच नसते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. चाळीस सेंटिमीटर लांबीचं हेड २० अंशांवरून ९० वर गेलं तर त्याच्या आणि ब्लॉकच्या वाढीत सुमारे तिसरा हिस्सा मिलिमीटर फरक पडतो. गाडी सुरू केली की ही ओढाताण, बंद केली की परतीची, आणि दोन्ही वेळा मध्ये चिरडलं जातं गास्केट. काटा लाल पट्ट्यात गेला की हेड नुसतं फुगत नाही, वाकतं. मिस्त्री त्यावर सरळ पट्टी ठेवून फटीत फीलर गेज घालतो. साधारण ०.०५ मिलिमीटर, म्हणजे केसाहूनही बारीक फट निघाली, की हेड फेसिंगला लेथवाल्याकडे धाडावं लागतं. उन्हाळ्याचा हिशेबही सोपा आहे. इंजिनातलं पाणी ९० अंशांवर असतं. बाहेर २५ अंश असताना रेडिएटरला उष्णता टाकायला ६५ अंशांचा उतार मिळतो, मे महिन्यात ४५ अंशांत उतारही ४५ चाच उरतो. जवळपास ३० टक्के ताकद तिथेच गेली. लोकांना वाटतं गाडी समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगात तापेल. तिथे निदान समोरून वारा तरी मिळतो. घात होतो तो व्हरायटी चौकात, जिथे वारा देणारा एकटा पंखा असतो आणि त्याचा फ्यूज कधी उडाला हे मालकाला ठाऊक नसतं. याच शहरात एप्रिल लागला की घरोघरी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलतात, पंपाला तेल देतात, टाकी घासतात. तो कूलर एका खोलीपुरता असतो. बोनेटखालचा कूलर हजारो रुपयांचं इंजिन वाचवतो, पण त्याच्यापुढे कुणी झोपत नाही, म्हणून त्याची आठवण होत नाही.

दुसरा आरोपी, म्हणजे बोल्टांची टोळी, जास्त लबाड आहे, कारण ती दिसायला सज्जन. आपली समजूत अशी की बोल्ट हेडला ‘दाबून’ धरतो, जसा पाटा वरवंट्याखाली. प्रत्यक्षात आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. तो आखूड होऊ पाहतो, म्हणून हेड खाली ओढलं जातं. बऱ्याच आधुनिक इंजिनांत बोल्ट मुद्दामच लवचीकपणाच्या मर्यादेपलीकडे ताणतात. आधी थोडा टॉर्क, मग पान्याने मोजून ९० अंशांचा फेरा, कधी आणखी एक. अशाने दहाही बोल्टांचा ताण सारखा होतो, पण बोल्ट कायमचा लांबतो. खोलून पुन्हा लावला तर तो आधीच थकलेला गडी असतो. त्याला दुसऱ्यांदा तेवढंच ताणू पाहणं म्हणजे उसवलेल्या नाडीच्या भरवशावर लग्नात नाचणं. आणि टॉर्क रेंच ‘टक’ वाजला म्हणून निश्चिंत होणाऱ्यांसाठी एक आकडा आहे. लावलेल्या टॉर्कचा सुमारे ९० टक्के हिस्सा घर्षणातच जातो, डोक्याखाली आणि आट्यांत, आणि बोल्ट ताणायला उरतो तो दहावा भाग. आटे गंजलेले असले तर रेंच टक म्हणतो खरा, पण ते गंजाशी बोलणं झालेलं असतं.

आता प्रतिपक्ष. ‘‘बोल्ट कायले बदलता भाऊ, अँबॅसिडरचे कोणी बदलले का?’’ हा सगळ्यांत बिनतोड वाटणारा मुद्दा. उत्तर साक्षीदारच देतो. अँबॅसिडरचा ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचंच, तिच्या एमजीए बहिणीचं तसंच. एका घरचे दोघे, सारखेच फुगतात, सारखेच आक्रसतात. तिथे स्टडवर नट असत, मर्यादेच्या आतच ताणलेले, आणि काही अंतर चालल्यावर पुन्हा आवळून घ्यायची रीत होती. सुस्थितीतले ते स्टड पुन्हा वापरणं शहाणपणाचंच होतं. चूक त्या शहाणपणाची नाही, ते दुसऱ्याच्या घरात नेण्याची आहे. दुसरा आक्षेप उस्तादांच्या हाताबद्दल: ‘‘पस्तीस वर्षांचा हात आहे, हाताला कळते.’’ हाताला जोर कळतो, ताण कळत नाही. त्यातही पान्याला पाइप लावून शेवटचा पाव फेरा ‘देवाच्या नावाने’ देणारा हात गास्केटचा खरा वैरी असतो. तिसरा आक्षेप पैशांचा, आणि स्टॉर्मसारख्या गाडीच्या बाबतीत तो खराही आहे, कारण बोल्ट परदेशातून मागवावे लागतील. पण हिशेब बोल्टच्या किमतीशी करायचा नसतो. हेड पुन्हा खोलायची मजुरी, पुन्हा फेसिंग, पुन्हा गास्केट, आणि फेसिंग तरी हेड किती वेळा सोसेल? दर फेसिंगला कॉम्प्रेशन वाढतं आणि हेडचं आयुष्य घटतं. एक सवलत मी देतो. काही कारखाने आपल्या पुस्तकात लांबीची कमाल मर्यादा छापतात. बोल्ट व्हर्नियरने मोजून त्या मर्यादेच्या आत भरला, तर खुशाल वापरा. फक्त ‘मोजून’ या शब्दावर जोर द्या, ‘पाहून’ नव्हे.

काम करताना भोकांतलं तेल-पाणी हवा मारून काढायलाच हवं. द्रव दाबला जात नाही. भोकात साचलेल्या पाण्यावर बोल्ट आवळला तर ब्लॉकच तडकू शकतो, आणि मग गास्केटचा प्रश्न कायमचा सुटतो. आवळायची सुरुवात मधल्या बोल्टांपासून, मग चक्राकार बाहेर. नागपूरकराला हा क्रम शिकवावा लागू नये, सगळी अंतरं झिरो माइलपासून सुरू होतात असं तो पाहुण्याला पहिल्याच दिवशी ऐकवतो. सोडवताना उलट, टोकांकडून आत. आणि सगळं जुळल्यावर जुने दहाही बोल्ट मिस्त्रीकडून आठवणीने परत मागून घ्या आणि स्वतःच्या हाताने भंगारवाल्याच्या तराजूत टाका. गॅरेजात राहिले, तर ते ‘चांगले आहेत’ म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी इंजिनात जातील.