माशांना आग्रह

नायट्रेट मोजायचं म्हणजे टाकीतलं पाणी काचनळीत घ्यायचं, दोन बाटल्यांमधले थेंब टाकायचे, खळाखळा हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर सुखाचा संसार. माझं आधी केशरी झालं, मग थेट कोकम सरबत. तक्त्याशी ताडलं, तर ८० पीपीएम! प्रवाळांच्या टाकीत ते दहाच्या आत बरं. न्यू जर्सीतल्या आमच्या हॉलमधला हा समुद्र २८० लिटरचा, आणि त्यातली हिरवी प्रवाळं तपकिरी पडत चालली होती. नायट्रेट फार झालं की त्यांच्या पेशींत राहणारं शैवाल माजतं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ते सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलं होतं आणि सोफ्यावर बसून वाती वळत होतं.

आई माळकरी. गोठवलेल्या कोळंबीच्या वड्यांना ती हात लावत नसे, चिमट्यानं सोडायची. पण सोडायची दिवसातून पाचदा. "काचेजवळ गेलं की धावत येतात रे. उपाशी आहेत." मी समजावलं की उरलेलं सडतं, त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट.

"म्हणजे वाया नाहीच जात," आई म्हणाली.

मग पाणी बदलणं आलं. वीस टक्के पाणी बदललं की नायट्रेटही वीसच टक्के उतरतं: ८०चं ६४, ६४चं ५१, ५१चं ४१. गृहकर्जाचं मुद्दल उतरतं त्याच्या नेमकं उलट: आधी भरभर, मग रेंगाळत. दर रविवारी ५६ लिटर आरओचं पाणी आणि त्यात दोन किलो मीठ. तीन रविवारांनंतर हिशेबानं ४१ यायला हवं होतं, आलं ६०. मधल्या वारी आग्रह चालूच होता.

शेवटी व्होडका आणली. ती कार्बनसाठी घालतात. त्यावर जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट घेतात आणि स्किमर नावाच्या, पाण्याचा फेस करून घाण काढणाऱ्या यंत्रातून बरेचसे बाहेर पडतात. माझ्या टाकीला सुरुवातीचा डोस ०.३ मिलिलिटर. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये तो भरत असतानाच आई स्वयंपाकघरात आली.

"हे कुणासाठी?"

"टाकीसाठी गं."

"तुझे आजोबासुद्धा खोकल्यासाठीच घ्यायचे."

आठवडाभरात माझा धीर सुटला आणि मी डोस एकदम चौपट केला. दुसऱ्या सकाळी पाणी ताकासारखं. जिवाणूंनी प्राणवायू ओढून घेतला आणि मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडून उभे. आईनं एक नजर टाकली. "चढली त्यांना." मी हवेचा पंप लावून दिवसभर ऑफिसला दांडी मारली. कारण काय कळवलं, ते इथे लिहीत नाही.

त्याच संध्याकाळी आईनं मुख्य टाकीला खाली जोडलेल्या टाकीतलं शेवाळ उपसलं. काथ्याच्या घासणीसारखं दिसणारं ते शेवाळ मी नायट्रेट खाण्यासाठीच वाढवलं होतं, पण काढायचा आळस करत आलो होतो. खाल्लेलं नायट्रेट त्याच्याबरोबर बाहेर जातं ते काढलं तरच. आईनं बादलीभर काढलं होतं. मी घाबरून आत डोकावलो.

"सगळं नाही काढलं," ती म्हणाली. "बियाण्याला ठेवलंय."

पुढे ती सांगलीला परतली, माशांचं जेवण एकावर आलं, शेवाळाची कापणी मात्र तिच्या पद्धतीनं चालू ठेवली. परवा मोजलं, नायट्रेट ८.

आई जूनमध्ये पुन्हा येते आहे.