ड्रॅगन वेळेत, पाणी उद्या

'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका 2019 मध्ये संपली, पण सोलापुरात पार्क चौकातल्या चहावर तिचा निकाल अजून लागलेला नाही. विंटरफेलच्या मेजवानीत टेबलावर विसरलेला कॉफीचा कागदी पेला आता सगळ्यांना पाठ आहे. (एचबीओने तो दोन-तीन दिवसांत भागातून पुसूनही टाकला. चूक इतक्या लवकर दुरुस्त होते, यावर सोलापूरकराचा विश्वास बसणं कठीणच.)

खरी जुंपते ती 2017 च्या सातव्या पर्वावरून. भिंतीपल्याड गोठलेल्या तळ्यात मंडळी अडकतात, एकजण धावत भिंत गाठतो, डोमकावळा निरोप घेऊन ड्रॅगनस्टोनला जातो आणि राणी ड्रॅगनसह हजर! "एवढ्या वेळात कसं शक्य आहे बे?" लगेच कुणी कावळ्याचा ताशी वेग काढतो, कुणी मोबाइलवर वेस्टेरोसचा नकाशा.

या काटेकोर मंडळींना उजनीचं विचारू नये. धरण आपल्याच जिल्ह्यातलं, पाणी भीमेचं, तरी नळाला ते काही दिवसांआड उगवतं. समांतर जलवाहिनीच्या कथानकात ठेकेदारासकट पात्रं बदलली, मुहूर्त पुढे सरकले. पटकथेतली ती भोकं कुणाला खुपत नाहीत.

आठवं पर्व सक्षम लेखकांकडून पुन्हा लिहून घ्या, या मागणीवर जगभरातून दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या होत्या. ती मागणी कशी रास्त होती, हे इथे आजही कुणीतरी तावातावाने पटवत असतो. तेवढ्यात घरून फोन येतो: पाणी आलंय, धार बारीक आहे, मोटार लावायला ये.