मोडतोडीच्या बाजूने

पोरांचे प्लॅस्टिकचे ठोकळे बिघडले आहेत, अशी तक्रार हल्ली शिकल्यासवरल्या घरांतून फार ऐकू येते. बिघडले म्हणजे तुटले नाहीत; तुटले असते तर दुकानदाराशी भांडून प्रकरण मिटलं असतं. तक्रार अशी, की पूर्वी डबाभर ठोकळे असायचे आणि पोर त्यांतून मनाला येईल ते उभं करायचं. आता खोक्यावर अंतराळयान छापलेलं असतं, आत जाडजूड पुस्तिका असते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ‘हा इथे, तो तिथे’ एवढीच आज्ञा चित्रांतून चालते. पोर दोन तास मान मोडून बसतं, यान तयार होतं, आणि त्यात पोराचं स्वतःचं म्हणाल तर बोटांचे ठसे. कल्पकता मेली, असा निकाल मग सोफ्यावर बसून दिला जातो. निकाल देणारी मंडळी स्वतः साबुदाण्याची खिचडी व्हिडिओ थांबवत थांबवत करतात आणि गणपतीची आरास मोबाइलमधला फोटो दाखवून दुसऱ्याकडून करून घेतात, पण ते असो. तक्रारीत तथ्य आहे. फक्त आरोपी भलताच धरलाय, एवढंच माझं म्हणणं.

नमुना बघून केलं की कल्पकता मरते, असं येवल्यात बसून म्हणायला जरा धाडस लागतं. इथे पैठणीच्या मागावर बसलेल्या माणसाला मनाला येईल ते करायची मुभा कुणी दिलेली नाही. चौकटीच्या कागदावर नक्षी आधीच काढलेली असते. मोर असो, मुनिया असो की आसावली, त्या चौकटी आणि ताण्याचे धागे मोजत, रंगारंगाच्या रेशमाच्या छोट्या कांड्या एकेक करून फिरवायच्या आणि एका रंगाचा धागा शेजारच्या रंगात अडकवत पुढे सरकायचं. अस्सल हातमागाच्या पदराची उलटी बाजू सुलट बाजूसारखीच नेटकी दिसते ती या अडकवण्यामुळे. मागे धागे लोंबत नाहीत. म्हणजे आखलेला कागद, ठरावीक माप, ओळीमागून ओळ, आणि मोजणीत चूक झाली की मोराची चोच मोराच्याच पोटात. पुस्तिका बघून ठोकळे जोडण्यापेक्षा हे काम कशाने कमी बांधलेलं आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. साधी पैठणी काही आठवड्यांत मागावरून उतरते; भरगच्च पदराची असेल तर वर्षही जातं. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ‘यात कल्पकता कुठाय, हे तर कागद बघून करतात’ अशी हरकत कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. घेतली असती तर पुढच्या लग्नसराईत त्या माणसाला घरच्या बायकांनीच उत्तर दिलं असतं.

जुने ठोकळे मोकळे होते, ही आठवणही एकदा तपासून घेतलेली बरी. फ्रँक हॉर्नबीने लिव्हरपूलमध्ये १९०१ साली भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्यांच्या खेळाचं पेटंट घेतलं. त्या मेकॅनोबरोबर ‘क्रेन अशी करा, पूल असा बांधा’ सांगणारी पुस्तकं यायची, आणि त्या पुस्तकांवर पोसलेले इंजिनिअर पुढे खरेखुरे पूल बांधताना कुणी अडवले नाहीत. त्याच्या कितीतरी आधी, १८३७ पासून, जर्मनीत फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने लाकडी ठोकळ्यांचे संच करायला घेतले. त्याच्या तिसऱ्या संचात फक्त आठ घन होते, पण त्यांच्याशी खेळायचे नियम मात्र शिस्तीच्या मास्तरला शोभतील असे: सगळे आठही वापरले पाहिजेत, आणि एक आकृती धाडकन पाडून दुसरी करायची नाही, तर पहिलीच थोडी थोडी बदलत दुसरीपर्यंत जायचं. हे नियम मी लक्षात ठेवायला सांगतो, पुढे कामाला येतील.

आणि खुद्द लेगोचं बघा. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. त्याच्या कंपनीने १९४९ मध्ये प्लॅस्टिकची वीट काढली ती स्वतःच्या डोक्यातून नव्हे. हिलरी फिशर पेज या ब्रिटिश खेळणीवाल्याची वीट समोर ठेवून, तिच्यात थोडा फेरफार करून काढली. चक्क नमुना बघून! ती आतून पोकळ होती, नीट पकड घेत नव्हती, रचलेलं घर हलवलं की सुटायचं. मग तिच्या पोटात नळ्या घालायची युक्ती सुचली, तिचं पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मागितलं गेलं, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर आजही बसते. कसं जोडायचं ते सांगणारे कागद १९६४ पासून खोक्यात यायला लागले. म्हणजे ज्यांना ‘आमच्या वेळचे मोकळे ठोकळे’ आठवतात, त्यांतल्या बहुतेकांचं वय पाहता त्यांच्याही आधी पुस्तिका जन्मलेली होती. त्यांच्या घरी ती हरवलेली असायची, एवढाच फरक. या हरवण्याने बालशिक्षणाची जी सेवा केली, तिची नोंद कुठल्याही अहवालात नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती कच्ची नाही. सी. पेज मोरो आणि मारित गुंडर्सन एंगेसेट या दोन संशोधक महिलांनी २०१६ साली लेगोवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काहींना संच देऊन सूचनांबरहुकूम वस्तू करायला लावली, काहींना नुसते ठोकळे देऊन ‘हवं ते करा’ म्हटलं, आणि नंतर दोघांनाही कल्पकता लागेल असं वेगळंच काम दिलं. सूचनांवर चाललेले या दुसऱ्या कामात मागे पडले. ही माणसं बालवाडीतली नव्हती, मोठी होती; तरी निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही. एकच बरोबर उत्तर असलेलं काम पार पाडलं की मन पुढच्या कामातही एकच बरोबर उत्तर शोधायला लागतं, असा त्याचा अर्थ. पण प्रयोग संपला कुठे, हेही पाहायला हवं. वस्तू पुरी झाली आणि माणूस लगेच दुसऱ्या टेबलावर गेला. तीच वस्तू त्यानेच सुटी करून त्याच ठोकळ्यांचं दुसरं काही केलं असतं तर काय झालं असतं? माझा सगळा दावा या दुसऱ्या खेपेवर उभा आहे. पहिल्या खेपेला पुस्तिका हवीच. पकड कशी बसते, भार कुठे जातो, चाक फिरण्यासाठी किती जागा सोडायची हे पोर तिच्यातूनच शिकतं. आठ खुंट्यांच्या एका रंगाच्या दोन विटा २४ तऱ्हांनी जोडता येतात, तीन विटा १,०६० तऱ्हांनी, आणि सहा विटा ९१,५१,०३,७६५ तऱ्हांनी. पुस्तिका या एक्याण्णव कोटींतली एक तऱ्हा सांगते. बाकीच्या तऱ्हांना ती मनाई करत नाही. मनाई करतं ते शोकेस.

खरा आरोपी हा. मध्यमवर्गीय दिवाणखान्यातल्या शोकेसकडे जरा जवळून बघा. वरच्या फळीवर निवृत्तीच्या वेळी मिळालेलं, कधीच न चाललेलं घड्याळ. शेजारी आग्र्याहून आणलेला, दिवा गेलेला ताजमहाल. पितळी गणपती, पाहुण्यांसाठीचे पण पाहुण्यांना न दिलेले सहा कप, आणि आता त्यांच्यामध्ये, धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत, हे अंतराळयान. ते ज्याने केलं त्याला शोकेसची काच सरकवायची परवानगी नाही, कारण काच सरकवली की ताजमहाल पडतो. यान तिथे का गेलं? महाग होतं म्हणून. आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. परदेशी नावाच्या मोठ्या खोक्याच्या पैशात पोराला सायकल येते. एवढे पैसे मोजल्यावर बापाच्या दृष्टीने ते खेळणं उरत नाही, ती मालमत्ता होते, आणि मालमत्ता मोडायची नसते. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ‘आमच्या बाब्याने एकट्याने केलं’ म्हणून ती दाखवायची असते. बाब्याला मात्र दुसऱ्या दिवसापासून करायला काही नसतं. मग वाढदिवसाला दुसरं खोकं येतं. २०१८ साली टोलेडो विद्यापीठातल्या मंडळींनी ३६ छोट्या मुलांना कधी चार आणि कधी सोळा खेळणी देऊन पाहिलं; चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. हे निष्कर्ष आपल्याकडे सोयीचे नाहीत, कारण आत्या, मावशी आणि काका मिळून वाढदिवसाला किमान सोळा आणतातच.

याच्या उलट येवल्यातली संक्रांत. भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस गाव गच्च्यांवर राहायला जातं. हातात मांजाची आसारी, कानात हलकडी वाद्याचा ठेका, आणि कुणाचा पतंग कापला की ‘वकाट’चा गलका. पतंगाचा आकार पोराने शोधलेला नसतो. तो पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे, तिथे तो कुणी बदलायलाही जात नाही. पण पतंग टिकणारच नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्याला जपत कुणी बसत नाही. आणि नेमकं तिथे डोकं चालायला लागतं. फाटलेल्या जागी वहीचं पान भाताच्या शितांनी चिकटवलं की पतंग त्या बाजूला झुकतो; मग तोल साधायला दुसऱ्या बाजूला चिंधी बांधायची; मग तो जड होऊन उठेनासा होतो; मग चिंधी अर्धी फाडायची. भौतिकशास्त्राचा हा अख्खा धडा सातवीतलं पोर जेवायच्या हाकांकडे दुर्लक्ष करून पुरा करतं, आणि संध्याकाळी त्याचा पतंग कुणीतरी कापून नेतं. पतंग शोकेसमध्ये ठेवलेलं घर मला येवल्यात दाखवा. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यांचंही तेच. नाव प्रतापगडाचं असतं, पण त्यावर बुरुजापेक्षा उंच मावळा, मावळ्यापेक्षा लहान हत्ती आणि पायथ्याशी एखादी रेल्वेही असते; दिवाळी सरली की पुन्हा माती. हल्ली तयार किल्ले मिळतात आणि ते पुढच्या वर्षीसाठी माळ्यावर ठेवता येतात. त्यांची अडचण ही, की ते टिकतात.

चाणाक्ष वाचक एव्हाना म्हणाला असेल, की पैठणी कुठे उसवतात? ती तर कपाटात जपून ठेवतात, नातीच्या लग्नापर्यंत. बरोबर. पण जपते ती नेसणारी. विणणाऱ्याच्या मागावरून एक उतरली की दुसरी चढते, आणि दुसरीत रंग वेगळे, काठ वेगळा, बांगडी मोराऐवजी अजिंठ्याचं कमळ. त्याला दुसरी खेप, विसावी खेप मिळते. तिच्यातूनच तो कारागीर होतो. बाब्याचा माग मात्र पहिल्या साडीसकट काचेत बंद आहे.

दुसरी हरकत तुकड्यांबद्दलची. हल्लीच्या संचांत चौकोनी विटा कमी आणि ड्रॅगनचा पंख, यानाची शेपटी असले एकाच कामाचे तुकडे फार, असं म्हणतात. खरंय. पण तो तुकडा एकाच कामाचा आहे हे मोठ्यांना कळतं. पोराला कुणी सांगितलेलं नसतं. कांद्याच्या हंगामात बाजार समितीकडे लागलेली ट्रॅक्टरची रांग रोज बघणाऱ्या पोराच्या हाती यानाची शेपटी सुटी पडू द्या, तिची ट्रॉली व्हायला वेळ लागणार नाही, आणि ड्रॅगनचा पंख तिच्यावरची ताडपत्री होईल. अट एकच, शेपटी सुटी पडली पाहिजे.

राहता राहिली ती शिस्तीची हरकत: मोडायला शिकवलं तर पोरं नासधूस करतील. इथे फ्रोबेलचे नियम कामाला येतात. रचलेलं लाथेने उडवणं वेगळं आणि एकेक तुकडा सोडवत त्याचं दुसरं करणं वेगळं. हा फरक पोरांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. धाकट्याने पाडलं तर जे पोर घर डोक्यावर घेतं, तेच स्वतः सोडवायला बसलं की गुणगुणत असतं. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्याच सामानावर आकृत्यांचा खेळ उभा केला. चार काड्यांचा चौकोन बोट लावलं की कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही, आणि हे कळायला चौकोन आधी कलंडावा लागतो. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना शिकवायला बिया, पानं, शंख, खडे वापरले. गरिबीमुळे वापरले हे खरं, पण त्यात एक मोठी सोय होती: चिंचोक्यांचा मोर कुणी शोकेसमध्ये ठेवत नाही. म्हणून महागडे ठोकळे फेकून चिंचोके आणा असं मी म्हणत नाही. चिंचोक्याचे भाव वाढतील. महागड्या ठोकळ्यांना चिंचोक्यांसारखं वागवा, इतकंच.

आजोबांना दाखवायचंय म्हणून रविवारपर्यंत मुदत द्यायला हरकत नाही. फोटो काढा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका, बारा अंगठे आणि एक चुकून आलेली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ स्वीकारा. त्यानंतर मात्र सोडवायला बसा. घट्ट बसलेले चपटे तुकडे नखांनी निघत नाहीत, हे त्या डॅनिश कंपनीलाही ठाऊक आहे. म्हणून तिच्या बऱ्याच मोठ्या संचांत तुकडे उचकटायची एक छोटी नारिंगी पट्टी असते. करणाऱ्यानेच मोडायचं हत्यार बरोबर दिलंय. आपल्याकडे मात्र यान पुरं झाल्यावर ‘हा एक तुकडा उरला, काहीतरी चुकलंय’ म्हणून बाप ती पट्टी हातात घेऊन पुस्तिका पहिल्यापासून चाळत बसतो.